परक्या वासाची मुंगी

फार वर्षांपूर्वी एका चिंचेच्या बुंध्याशी मुंग्यांचं मोठं नगर होतं. त्याच्या प्रत्येक दारावर पहारेकरीण असे. एका दाराशी परका वास आला, की मिशीला मिशी लावून खबर पळे आणि साऱ्या नगराची दारं बंद होत. पूर्वेच्या दारावरच्या गोजरीला तर आपल्या पहाऱ्याचा भारी अभिमान.

एके दुपारी मुंगळ्यांची टोळी तिच्या दाराच्या रोखानं आली आणि अचानक मागे फिरली. "मला पाहूनच पळाले!" गोजरी भेटेल तिला सांगत सुटली.

उन्हं कलली तेव्हा एक मुंगी लंगडत आली. तिच्या अंगाला मुंगळ्यांचा वास येत होता.

"थांब! तू परकी आहेस," गोजरी गरजली. खबर गेली, दारं मिटली, शिपाई मुंग्या धावून आल्या.

"अगं, मी सावळी, इथलीच. दुपारी मी मुंगळ्यांच्या म्होरक्याच्या पायाला डसले, तशी सगळी टोळी माझ्यामागे लागली. त्यांच्याशी झुंजले, म्हणून हा वास."

गोजरीला दुपार आठवली आणि ती वरमली. दार सोडून ती पुढे झाली आणि सावळीच्या अंगाला अंग घासू लागली.

"आता तुलाही तो वास लागला!" शिपाई ओरडल्या. "तूही बाहेरच राहा!"

"राहीन की," गोजरी ताठ मानेनं म्हणाली. "हिचा वास मला लागला, हा माझा मान आहे."

मग शिपाई मुंग्यांतली थोरली पुढे आली आणि तिनंही सावळीला अंग घासलं. मागोमाग बाकीच्या आल्या. दिवस मावळेपर्यंत नगराचा वास किंचित बदलला होता, आणि पुढे त्याच वासाला दारं उघडू लागली.