थोरल्या पंचांची कबुली

शेवंताबाईनं हातभट्टी मोडली, बाप्तिस्मा घेतला आणि पहिल्याच प्रभुभोजनाला, येशूच्या स्मरणाची भाकर घ्यायला, ती चर्चमध्ये रांगेत उभी राहिली. पण तिची पाळी येताच भाकर वाटणारे चर्चचे थोरले पंच इस्राएलराव यांनी भाकरीचं ताट मागं घेतलं.

"बाई, आधी वर्षभर नीट वागून दाखवा."

आज रिकाम्या हातानं परतले, तर पाय पुन्हा भट्टीकडंच वळतील, हे तिला ठाऊक होतं.

"दादा, मघाशी प्रार्थनेत तुम्हीच म्हणालात ना, 'देवा, माझ्याएवढा पापी कुणी नाही'? ते खरं असेल, तर तुम्हाला चाललेली भाकर मला का चालू नये? आणि खोटं असेल, तर ताट दुसऱ्या कुणाच्या हाती द्या."

शेजारी उभ्या असलेल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी हसू दाबलं. इस्राएलरावांनी ताट पुढं केलं.

"घ्या, ताई. आणि माझ्यासाठीही प्रार्थना करा."