मागची काडेपेटी

रुळांच्या कडेला वसलेल्या, पण जलद गाड्या ज्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत अशा एका गावात प्रणिता नावाची एक तरुण आई राहत होती. तिला झोप लागत नसे. स्टेशन मास्तरच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता आणि लेखी परीक्षा पासही झाली होती. आता राहिली होती अ‍ॅप्टिट्यूड चाचणी. नजर, लक्ष, स्मरण असे तिचे वेगवेगळे भाग. एका भागात कमी पडलात की बाकी सगळ्यांवर पाणी. त्यात वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची भरती.

पण खरी काळजी याहून खोल होती. लेखी परीक्षेला पाठांतर चालते. इथे म्हणे माणूसच तपासतात, तो या कामासाठी घडला आहे की नाही ते. आणि आपण घडलेलोच नसलो तर? बी.एस्सी.ची पदवी होती तिच्याकडे, पण पदवीवर असले काही लिहिलेले नसते.

मग ती दिवसभर स्वतःच स्वतःची चाचणी घेऊ लागली. कपाटाची किल्ली हरवली, नापास. लेकीच्या, जुईच्या, वेण्यांना दोन वेगळ्या रंगांच्या रिबिनी बांधल्या, नापास. आमटीत मीठ घालायचे राहिले, तेव्हा तर ती डोके धरूनच बसली.

"नाहीच ते माझ्यात," ती म्हणाली.

सासूबाईंनी मिठाची चिमूट घालून आमटी ढवळली. "अगं, अळणी आमटीनं गाड्या आदळल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही."

चाचणीतला एक भाग तिला फार छळत होता. पडद्यावर विटांच्या ढिगाचे चित्र येते. खूण केलेल्या विटेला आणखी किती विटा टेकल्या आहेत, ते सांगायचे. प्रणिताचे उत्तर नेहमी एकाने कमी यायचे. मागे लपलेली वीट ती मोजायलाच विसरायची.

म्हणून तिने रिकाम्या काडेपेट्या जमवल्या आणि जमिनीवर ढीग रचून सराव सुरू केला. सहा वर्षांची जुई समोर बसून बघायची.

"आई, मागे एक आहे ना, ती राहिली."

"मला इथून दिसत नाही गं."

"मला पण दिसत नाही. पण ती नसती तर वरची पडली असती की!"

प्रणिताने कपाळावर हात मारला. हे पोरीला कळते आणि आपल्याला नाही. आणखी एकदा नापास! रात्री केस विंचरताना ती आरशातल्या स्वतःलाच म्हणाली, "नाहीच ते तुझ्यात."

दुसऱ्या दिवशी जुईने आपल्या कापडी बाहुलीची परीक्षा मांडली. तिला पाटावर ताठ बसवले. बाहुली कलंडली.

"नापास!" जुई कडाडली. "जा घरी. नाहीच ते तुझ्यात."

प्रणिता भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "जुई, असं बोलतात का कुणाला? एकदाच तर पडली ती."

"मग तू आरशात कुणाला बोलत होतीस?"

प्रणिताने ताट जवळ ओढले. ती भाजी निवडत राहिली. त्या दिवशी देठ ताटात राहिले आणि पाने कचऱ्यात गेली. पण या वेळी तिने स्वतःला नापास केले नाही. पाने उचलली, धुतली आणि फोडणीला टाकली.

चाचणीच्या दिवशी सासूबाईंनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. "जुईचं मी बघते. तू तेवढं तुझं बघ."

विटांचा भाग आला. पहिल्याच चित्राचे उत्तर देऊन ती पुढे सरकली आणि तिच्या लक्षात आले की मागची वीट राहिली. परत जायची सोय नव्हती. घड्याळ पळत होते. आतून तो ओळखीचा आवाज उठला, "नाहीच ते..." आणि त्यासरशी तिला पाटावर कलंडलेली बाहुली आठवली.

तिला जवळजवळ हसूच आले. 'एकदाच तर पडली ती,' ती मनाशी म्हणाली आणि पुढच्या चित्राकडे पाहू लागली. त्यात वरची एक वीट जणू अधांतरी होती. पण ती पडत नव्हती. म्हणजे तिच्याखाली एक होतीच. प्रणिताने ती मोजली. त्यापुढचीही मोजली.

निकाल लागायला बराच अवकाश होता. तरी त्या रात्री ती घोरत झोपली, असे सासूबाई सांगतात. ती मात्र ते मानत नाही.

निकाल लागला. विटांच्या भागात ती अगदी काठावर पास झाली होती. आणखी एक चित्र चुकले असते, तर सगळेच गेले असते.

"काठावर तर काठावर," सासूबाई म्हणाल्या. "विहिरीत तर नाही ना पडलीस?"

संध्याकाळी जुईने गोष्ट मागितली. प्रणिताने हीच गोष्ट सांगितली, फक्त आरशाचा भाग जरा घाईने उरकला. आणि गोष्टीला शोभेल असा शेवटही केला.

तात्पर्य: एका चुकीवरून स्वतःला नापास करू नये. जे उभे आहे, ते कशाच्या तरी आधारावर उभे असते. आपले बळ आपल्याला दिसले नाही, तरी ते मोजायला विसरू नये.

जुईने थोडा विचार केला. मग बाहुलीला पुन्हा पाटावर बसवले आणि एक काडेपेटी हळूच तिच्या पाठीमागे सरकवली.

"आता नाही पडणार," ती म्हणाली. "आणि काडेपेटी समोरून दिसत पण नाही. आई, तुझ्या मागे आजी होती ना, तश्शी."