मागची जागा

एका बाजारपेठेच्या गावात नागेशशेठ नावाचा पितळी भांड्यांचा व्यापारी राहत असे. त्याच्या दुकानातली घागर ज्या घरात नाही, असे घर त्या गावात नव्हते. पण लग्नाला चौदा वर्षे झाली तरी त्याच्या स्वतःच्या घरात पाळणा हलला नव्हता. बारशासाठी वाटी-चमचा घ्यायला येणारे लोक जाताजाता म्हणत, "शेठ, दुसऱ्यांच्या बारशाची भांडी किती दिवस विकणार? एखादी वाटी घरीही न्या की!" शेठ हसत असे. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र तो बराच वेळ एकच तांब्या पुसत बसे.

पंधराव्या वर्षी चिमा झाली. चिमाच्या पाठीवर दीड वर्षाने केसू झाला. शेठने साऱ्या पेठेला पेढे वाटले. ज्यांनी टोमणे मारले होते, त्यांना दोनदा वाटले.

दोन लहान मुलांना घेऊन बाहेर पडणे सोपे नव्हते. चिमा पावणेतीन वर्षांची, केसू सव्वा वर्षाचा. चिमा दहा पावले चाले आणि "अण्णा, पाय दुखले" म्हणून रस्त्यातच बसे. तिला उचलावे तर केसू खाली उतरायला तयार नसे. दोघांना दोन्ही कडेवर घेऊन शेठच्या बायकोची, यमुनेची, कंबर धरली. तेव्हा शेठने ठरवले, दोघांना मिळून एक बाबागाडी करून घ्यायची आणि रोज संध्याकाळी ती आपण स्वतः ढकलायची.

गावात गुणाजी नावाचा म्हातारा सुतार होता. त्याने शेठला दोन नमुने दाखवले. एका गाडीत मुले शेजारी शेजारी बसत. दुसरीत एकामागे एक बसत. शेठला पहिली गाडी बघताक्षणी आवडली. पण पेठेत बैलगाड्या शिरू नयेत म्हणून तोंडाशी दोन दगडी खांब रोवलेले होते. शेठने दोरीने माप घेतले. गाडी चार बोटे जास्त रुंद निघाली.

"गुणाजी, चार बोटं कमी करा," शेठ म्हणाला.

"करतो. मग मुलांचे खांदे कुठं ठेवू?"

"असं कसं? काहीतरी उपाय असेलच की."

"उपाय आहे. पेठेतून नेऊच नका. नदीच्या वाटेनं न्या. वाट मोठी आहे, सावली आहे. पाखरं आहेत, होड्या आहेत, म्हशी डुंबत असतात. बघण्यासारखं पुष्कळ आहे तिथं."

"अहो, पण तिथं बघणारं कोण आहे?" शेठ पटकन बोलून गेला.

गुणाजीने रंधा बाजूला ठेवला. "शेठ, राग मानू नका, एक विचारतो. गाडीत मुलं दिसायला हवीत, की मुलांना दिसायला हवं?"

"दोन्ही एकच की हो!"

"बोलायला एका अक्षराचा फरक आहे. बसणाऱ्याला फार मोठा आहे. लांब गाडीत मागच्या पोराला पुढची फळी आणि पुढच्याची पाठ दिसेल. दुसरं काही दिसणार नाही."

पण शेठच्या कानात चौदा वर्षांचे टोमणे होते. ज्या पेठेने आपल्याला हसून घेतले, त्याच पेठेतून आपली दोन मुले घेऊन जायचे, हे त्याने किती वेळा मनात पाहिले होते. त्याने लांब गाडी सांगितली.

"बरं," गुणाजी म्हणाला. "निदान आलटून पालटून बसवा. एक दिवस ही पुढं, एक दिवस तो."

"हो हो, ते तर करणारच," शेठ म्हणाला. आणि त्या वेळी तो ते मनापासूनच म्हणाला.

गाडी तयार झाली. गुणाजीने बाजू मोकळ्या ठेवल्या होत्या. शेठने त्यांना आपल्या कारागिराकडून पितळी पत्रे ठोकून घेतले. पत्र्यांवर बाहेरून वेलबुट्टी होती, मोर होते, सोंड उचललेले हत्ती होते. आतून पत्रा कोराच होता. गाडी उन्हात अशी झळाळे की लोक डोळ्यांवर हात धरत.

पहिल्या दिवशी चिमा पुढे बसली. ती मोठी होती, बोलकी होती. दुकानादुकानातून लोक तिला हाक मारत. "चिमाबाई, कुठं निघाली स्वारी?" चिमा ऐटीत म्हणे, "बाजार बघायला!" लोक हसत, तिच्या हातात चणे ठेवत, शेठला म्हणत, "पोरगी काय गोड आहे हो!" चौदा वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला हे शब्द किती गोड लागले असतील, हे ज्याचे त्याने समजावे.

दुसऱ्या दिवशी केसूची पाळी होती. शेठने विचार केला, कालच लोकांना सवय लागली आहे, आज चिमाच बसू दे, उद्या केसू. तिसऱ्या दिवशीही त्याने तसेच म्हटले.

एकदा यमुना म्हणाली, "अहो, केसूला मागून काही दिसतं का?"

"पाठचा आहे तो, पाठीमागेच बसायचा!" शेठ हसत म्हणाला. "आणि तो रडतो का कधी? बघ किती शांत असतो. सुखात आहे पोरगं."

"रडत नाही, तेच मला बरं वाटत नाही."

"अगं, उद्या बसवतो पुढं."

असे करता करता दोन वर्षे गेली. दोन्ही मुलांना घराबाहेरचे जग म्हणजे ही गाडीतली फेरी होती. चिमा पुढून ओरडे, "गाय आली! पोपटवाला आला! चाक फिरतंय!" पेठेच्या शेवटी भिवा कुंभार चाकावर मडकी करत बसे. ते चाक दिसले की चिमाला राहवत नसे. तिच्या पाठोपाठ मागून बारीक आवाज येई, "गाय आली. पोपटवाला आला. चाक फिरतंय." लोकांना त्याची मोठी गंमत वाटे. "शेठ, पोपटवाला कशाला हवा? तुमच्या गाडीतच पोपट आहे," असे ते म्हणत. शेठही हसे. आपली दोन्ही मुले कशी छान बोलतात, असे त्याला वाटे.

मग एकदा चिमाला गोवर आला. ती अंथरुणाला खिळली. घरात दुखणे, त्यात केसू पायापायात येऊ लागला. यमुना म्हणाली, "त्याला जरा फिरवून आणा." शेठने केसूला उचलून प्रथमच पुढच्या जागेवर बसवले.

दोन खांब ओलांडून गाडी पेठेत शिरली. केसू एक शब्द बोलेना. लोक हाका मारू लागले, "अरे वा, आज धाकटे मालक पुढं!" त्याने मान खाली घातली. गाय आली, त्याने पाय वर ओढून घेतले. पोपटवाल्याने पिंजरा जवळ आणला, त्याने तोंड फिरवले. शेठला वाटले, लाजतोय. असे करत गाडी पेठेच्या टोकाला आली.

भिवा कुंभाराला हे पोर आवाजाने चांगले ठाऊक होते. त्याने चाकाला जोरात फेर दिला. "ये रे केसू! रोज मागून ओरडतोस ना, चाक फिरतंय म्हणून? आज समोरून बघ. कसं फिरतंय?"

केसूने त्या ओल्या, गरगरणाऱ्या चिखलाकडे पाहिले. मग तो ठामपणे म्हणाला, "हे चाक नाही."

"चाक नाही? मग काय भाकरी आहे?" भिवा हसला. आजूबाजूचे चारदोन लोकही हसले.

"चाक माझ्याकडे आहे," केसू म्हणाला. लोक आणखी हसले. केसूने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि डोळे गच्च मिटून घेतले. "अण्णा, पाठ कुठाय? मला आक्काची पाठ पाहिजे!" असे म्हणत तो हुंदके देऊन रडू लागला.

भिवाचा हात चाकावर तसाच राहिला. मडके एका बाजूला कलंडले.

शेठने गाडी वळवली आणि घर गाठले. अंगणात आल्यावर त्याने केसूला विचारले, "बाळा, तुझं चाक कुठाय?" केसू खाली उतरला आणि आपणहून मागच्या जागेवर चढून बसला. बसताच त्याचे रडणे थांबले. शेठ गुडघ्यांवर बसला. दोन वर्षे त्याने ती गाडी ढकलली होती, पण मागच्या जागेत डोके घालून कधी पाहिले नव्हते. दोन्ही बाजूंना कोरा पत्रा होता. समोर फळी होती. फळीत लाकडाच्या गाठी होत्या, आणि त्यांच्याभोवतीचे लाकूड लहानशा बोटांनी घासून घासून गुळगुळीत झाले होते.

केसूने एका गोल गाठीवर बोट ठेवले. "हे चाक. फिरतंय." मग दुसरीवर ठेवले. "ही गाय." वरच्या लांबट रेघेवर बोट फिरवत म्हणाला, "हा पोपटवाला. रोज येतो."

दारात यमुना उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेठ गुणाजीकडे गेला. त्याने सगळे सांगितले, काही लपवले नाही. "मला ती रुंद गाडी करून द्या," तो म्हणाला. "मी नदीच्या वाटेनं नेईन."

गुणाजी हळूच म्हणाला, "गाडी करतो, शेठ. लाकूड आहे, हातही अजून चालतात. पण चिमा आता पाचाची झाली. ती गाडीत किती दिवस बसेल?"

"जेवढे दिवस बसेल तेवढे," शेठ म्हणाला.

महिन्याभराने नवी गाडी आली. तिला पितळ नव्हते, बाजू मोकळ्या होत्या. चिमाही बरी झाली होती. शेठने दोघांना शेजारी शेजारी बसवले आणि नदीची वाट धरली. वाटेत झाडे होती, पाण्यात म्हशी होत्या, होडीवाला जाळे झटकत होता. पण केसू वाटेकडे पाहतच नव्हता. तो तिरका बसून चिमाच्या तोंडाकडे पाहत होता. "आक्का, काय आलं? आक्का, आता काय आलं?"

"अरे, समोर बघ ना! तुला डोळे नाहीत का?" चिमा म्हणाली. ती आता मोठी झाली होती. थोड्या वेळाने तिला बसून कंटाळा आला. तिने गाडीतून उडी मारली आणि पळत पुढे गेली. पुन्हा ती त्या गाडीत बसली नाही. रुंद गाडीत अर्धी जागा रिकामी ठेवून केसू एकटाच बसून राहिला.

शेठ त्याला रोज नदीवर नेऊ लागला. दुकान लवकर बंद होऊ लागले. पेठेतले लोक म्हणत, "शेठ आता दिसत नाहीत." शेठ केसूला बोट दाखवून सांगे, "बघ, बगळा. बघ, होडी." केसू त्याच्या बोटाकडे पाही, मग त्याच्या तोंडाकडे पाही आणि म्हणे, "बगळा. होडी." शेठ विचारी, "दिसलं का?" केसू न पाहताच "हो" म्हणे. पुढे गाडी अडगळीत गेली आणि बापलेक पायी जाऊ लागले. केसू गुणी होता, सांगितलेले सगळे ऐके. फक्त आपणहून कशाकडे तो पाहत नसे.

केसूला सातवे वर्ष लागले. एका सकाळी नदीच्या वळणावर तो थांबला. पाण्यातल्या खडकावर एक लहानसा पक्षी बसला होता. त्याची शेपटी सारखी वर-खाली होत होती. केसूने शेठचा हात सोडला, बोट पुढे केले आणि विचारले, "अण्णा, ते काय?"

मूल बोलायला लागले की हा प्रश्न घराला दिवसातून शंभरदा ऐकू येतो. शेठने आपल्या मुलाच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकला. त्याने पक्ष्याकडे पाहिले. त्याला त्या पक्ष्याचे नाव माहीत नव्हते. केसूला नदीवर आणू लागेपर्यंत साऱ्या आयुष्यात तो पेठेच्या वाटेनेच चालत आला होता.

"मला ठाऊक नाही रे, बाळा," तो म्हणाला.

"आक्काला विचारू?"

"नको. आपणच नीट बघू," शेठ म्हणाला आणि मुलाशेजारी ओल्या वाळूत बसला. पण दोघे नीट पाहू लागेपर्यंत पक्षी उडून गेला होता.

तात्पर्य: मूल रडत नाही म्हणून ते सुखात आहे, असे समजू नये. आपल्या शोभेसाठी मुलाला कोपऱ्यात बसवणाऱ्याला पुढे पश्चात्ताप होतो आणि नवी गाडीही करून घेता येते. पण मुलाचे गेलेले दिवस कोणत्याही सुताराला घडवता येत नाहीत.