भिंतीवरचा रेग्युलेटर

“म्हणजे सुटे भाग आता कधीच मिळणार नाहीत?”

“नाय.”

“कधीच?”

“कंपनीन ता मॉडेल बंद केल्यान. भाग करूचे पण बंद.”

केतकी मोंडकर टेबलासमोर उभी होती. स्टूल रिकामं होतं, पण ती बसली नाही. खांद्यावरची पिशवीही तिने खाली ठेवली नाही. पिशवीत बोटीवरचे सगळे रेग्युलेटर होते.

समुद्रात बुडी मारताना पाठीवरच्या टाकीत हवा ठासून भरलेली असते. ती तशीच तोंडात आली तर छाती फाटेल. रेग्युलेटर तिला वाटेत अडवतो आणि श्वासाएवढी करून तोंडात देतो. अडवणारी वस्तू एकच, डाळीएवढी पांढरी चकती. तिला सीट म्हणतात. हवेचा सगळा दाब तिच्यावर बसतो. म्हणून ती दर मोसमाला नवी घालायची.

बाबल मास्तरांचं वर्कशॉप मालवणात, दांडीच्या किनाऱ्यामागे. दारातून समुद्र दिसायचा. वाळूवर केतकीची बोट उभी होती, तिच्या दोस्तांनी धुऊन पुसून ठेवलेली. मोसमाची पहिली फेरी. पाहुणे नव्या टोप्या घालून फोटो काढत होते. आज बोट गेली नाही तर पाहुणे शेजारच्या बोटीत बसणार होते, आणि मग मोसमभर तिथेच बसणार होते. तेवढी एक बोट सोडली तर या पोरांकडे दुसरं काही नव्हतं.

“हे तुम्हीच निवडून दिलेत, मास्तर. आयुष्यभर जातील म्हणालात.”

“म्हटलंय.”

“कोणाच्या आयुष्यभर? तुमच्या?”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. घातला. परत काढला.

गाव मास्तरांना फार मानायचं. गाव म्हाताऱ्यांना उगाच मानतं. तरुणपणी ते बंदरांत बुडी मारायचे, जहाजांच्या तळाशी काम करायचे, हे खरं. पण तेच तेच किस्से ऐकवून त्यांनी त्यावर उरलेलं आयुष्य काढलं, हेही खरं.

केतकी इंजिनिअरिंग अर्धवट सोडून त्यांच्याकडे शिकायला आली. घरी अजून तिच्याशी कोणी धड बोलत नाही. तिला स्वतःच्या हातांची घमेंड होती. डोळे मिटून ती रेग्युलेटर खोलायची, धुवायची, जोडायची.

फक्त सीट नाही. सीट मास्तर स्वतः बसवायचे, आणि पाठ फिरवून बसवायचे. ते शेवटी शिकवायचं, अशी त्यांची रीत. केतकीला त्या पाठीचं कौतुक होतं. विद्या म्हणजे अशीच असणार, असं तिला वाटायचं.

“मग तो द्या,” ती म्हणाली.

“खयचो?”

“तो. भिंतीवरचा.”

भिंतीवर मास्तरांचा स्वतःचा रेग्युलेटर खिळ्याला टांगलेला होता. तेच मॉडेल. खंडेनवमीला घातलेला झेंडूचा हार त्याच्यावर वाळून तपकिरी झाला होता.

“तो नाय.”

“का नाही?”

“नाय म्हटलंय ना गो.”

चिडली की केतकी मालवणी सोडून कॉलेजातली मराठी बोलायची. आता ती तसंच बोलत होती, एकेक शब्द आपटत.

“तुम्ही आता पाण्यात जाणार नाही, मास्तर. डॉक्टरांनी सांगितलंय, काकींनी सांगितलंय. सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या तोंडावर कोणी बोलत नाही, एवढंच. त्या खिळ्यावर एक चांगली सीट नुसती लटकतेय. तिला हार घालून काय करताय? तिच्यावर निदान एक माणूस खाली जाईल.”

मास्तर ग्रीसच्या डबीचं झाकण घट्ट करत राहिले.

“तुम्ही सगळे असेच. वापरून झालं तरी हातातून सोडवत नाही.”

बाहेरून तिच्या बोटीवरच्या इनासने हाक मारली. “केतकी, येतंस काय गो? पावणे तापाक लागले!”

“इलंय!”

ती स्टूलवर चढली. मास्तर उठले नाहीत. तिने हार बाजूला सारला, रेग्युलेटर काढला, टेबलावर आणला आणि पाना लावला.

“चेडवा… खोलू नको.”

तिने खोलला.

आत काही नव्हतं.

तिने डोळ्याजवळ धरला. आरपार उजेड दिसला. फुंकर मारली, ती दुसरीकडून निघून गेली. सीट नाही, स्प्रिंग नाही, एक रबरी रिंगसुद्धा नाही. वरून पॉलिश केलेलं पितळ, आत पोकळ.

“कुठे गेलं सगळं?”

मास्तरांनी हनुवटीने तिच्या खांद्यावरची पिशवी दाखवली.

केतकीने पिशवी हळूच खाली ठेवली.

“माझ्यात?”

“तुझ्यात.”

“पण गेल्या मोसमात तुम्ही म्हणालात… गोव्याहून सुट्या भागांची नवी किट आली.”

“म्हटलंय.”

“आली नव्हती?”

“तेवाच बंद झाली होती.”

ती क्षणभर विरघळली. या म्हाताऱ्याने स्वतःचा श्वास काढून आपल्याला दिला, असं तिच्या मनात आलं. डोळे भरायला लागले होते.

मग ती थांबली.

“तुमच्याकडे एकच होता.”

“व्हय.”

“बोटीवर आम्ही सगळे. बाकीच्यांत काय घातलंत?”

मास्तरांनी दाराबाहेर, बोटीकडे पाहिलं.

“मास्तर. बाकीच्यांत?”

“त्येंचेच,” मास्तर म्हणाले. “पुसून. ग्रीस लावून.”

तिने पिशवीतून इनासचा रेग्युलेटर ओढून काढला. सीट काढायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. पाना फिरला, टोकाने टिचकी मारली, चकती तळहातावर पडली. इतकंच होतं ते. पाठ फिरवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

चकतीवर खोल गोल वळ उमटला होता. दोन-दोन मोसम दाब सोसून पडतो तसा.

मे महिन्यात इनासचा रेग्युलेटर खाली पाण्यात बेफाम सुटला होता. हवा थांबेना. चहूकडे नुसते बुडबुडे, टाकी डोळ्यांदेखत रिकामी. केतकीने स्वतःच्या टाकीवरची जादा नळी त्याच्या तोंडात कोंबून त्याला वर आणलं होतं. किनाऱ्यावर मास्तरांनी सगळ्यांसमोर त्याला झापलं. धुतलंस नाय, मेल्या, वाळू गेली असतली आत. इनासने मान खाली घातली. तो आजतागायत पाण्यात उतरलेला नाही, बोटीचं इंजिन सांभाळतो. त्याचा रेग्युलेटर मात्र पिशवीत होता, आजपासून तो पाहुण्यांना द्यायचा होता.

“तुम्हाला माहीत होतं,” केतकी म्हणाली.

“तेवा भीती वाटली.”

“कशाची? त्याच्या जिवाची?”

मास्तरांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

“मीही त्याला हसले होते, मास्तर. तुमच्या शेजारी उभी राहून हसले. तुमची लाडकी म्हणून. आम्हाला सरळ सांगायचं होतंत. भाग संपले, बोट पाण्यात नेऊ नका. तुम्ही मोठी माणसं लग्नाला नाही म्हणता, नोकरी सोडायला नाही म्हणता, आम्ही श्वास घेतला तरी नाही म्हणता. आणि जिथे नाही म्हणायचं तिथे तुमची जीभ चिकटली?”

“तुमी सगळी पोरा दारात उबी होतास. तोंडा उजळलेली.” मास्तरांचा हात टेबलावरच्या ग्रीसच्या डबीकडे गेला, परत आला. “माका मास्तर म्हणत होतास.”

बाहेर पाहुण्यांनी कसलीशी आरोळी ठोकली. बोटीचा तळ वाळूवर खरखरला. पोरांनी ढकलायला सुरुवात केली होती.

“तुझो चलतलो,” मास्तर हळू म्हणाले. “तुझी सीट अजून बरी आसा. तू जा. एकटीन उतर, पावणे बोटीतसून बघतले. फेरी चुकवू नको.”

केतकीने त्यांच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून स्वतःचा रेग्युलेटर काढला. पाना, टिचकी. चकती टेबलावर मास्तरांच्या पुढ्यात ठेवली.

“घ्या. तुमची.”

मास्तरांनी चकतीला हात लावला नाही.

ती पिशवीतला एकेक रेग्युलेटर काढत गेली, खोलत गेली. चकत्यांचा छोटा ढीग झाला. हात चुकत नव्हते. मोसम संपत चालला होता, सुरू व्हायच्या आधीच.

“केतकी!” इनास दारात आला होता, कमरेपर्यंत भिजलेला. “टाक्ये चढवले. रेग्युलेटर घेऊन ये ना गो, किती वेळ?” टेबलावरचा पसारा त्याला दिसला. “ह्या काय?”

इनासने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा केतकीकडे. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं.

सवयीने केतकीची मान मास्तरांकडे वळली. इतकं सगळं होऊनही वळली.

“ह्याला मी काय सांगू, मास्तर?”

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ता माका इचारू नको,” ते म्हणाले. “मी परत खोटाच सांगान.”