पालथ्या मडक्यांचा वसा

ऐका आषाढाई, तुमची कहाणी. नदीकाठी आटपाट गाव होतं. तिथं एक कुंभार राहायचा. त्याची बायको चिमाई. तिला एकच लेक, येसू. चिमाईनं सासूकडून आषाढाईचा वसा घेतला होता. आषाढ लागला की अंगणातली फुटकी मडकी पालथी घालावीत, पाणी गाळून उकळून झाकावं, शिळं खाऊ नये, ओल्या अंगानं निजू नये. दरसाल ती तसं करी.

मग येसूचं लग्न झालं. ती नदीपार सासरी गेली. घर सुनं झालं. आषाढ आला. चिमाई म्हणाली, "लेक नाही घरात. कोणासाठी मेलं एवढं करू?" मडकी उताणीच राहिली. नदीचं गढूळ पाणी तसंच पोटात जाऊ लागलं. चिमाई आपली उंबऱ्यात बसे, पलीकडची झाडं बघत राही.

मग काय झालं? मडक्यांत पाऊस साचला, डास माजले. आधी कुंभार हिवतापानं आडवा झाला. मग शेजारचा तांबट, मग त्याची म्हातारी. घरोघर कण्हणं सुरू झालं.

अशात निरोप आला, येसूला दिवस गेलेत, बाळंतपणाला माहेरी येते. चिमाई धावत काठावर गेली. पलीकडे येसू उभी, होडी तयार. येसूनं हाळी दिली, "आई, येऊ का गं?" चिमाईचे हात पुढं झाले. मग घरात तापानं फणफणलेला नवरा आठवला. हात खाली आले. "नको गं बाळे. इथं घरोघर ताप आहे. मागं फिर."

येसू मागं फिरली. चिमाई काठावरच बसली. तिथं एक म्हातारी आली. "बाई, का रडतेस?"

"पोटुशी लेक दारातून परतवली, आजी."

म्हातारीनं तिला हाताला धरून अंगणात नेलं. एका मडक्यात बघायला लावलं. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. "तुझ्या लेकीची वाट यांनी अडवली. यांना पोसलं कोणी?"

चिमाईनं पाय धरले. "चुकले. आता काय करू?"

"टाकलेला वसा उचल. लेक येईल म्हणून करू नकोस. तापानं कण्हतो तोही कोणाचं तरी लेकरू, म्हणून कर." चिमाई मान वर करून बघते, तो म्हातारी नाही.

मग चिमाईनं मडकी पालथी घातली. नवऱ्याला उकळलेलं पाणी दिलं, ऊन पेज दिली, वैद्याचा काढा दिला. मग तांबटाकडे गेली, तिथं तसंच केलं. मग गावात दारोदार फिरली. बायका म्हणत, "अगं, दमलीस, बस जरा." ती बसत नसे. बसली की नदी दिसे.

नागपंचमी आली. येसू पैलतीरी आली. "आई, येऊ का गं?" तांबटाची म्हातारी अजून तापात. "नको गं बाळे." गौरी आल्या. येसू पुन्हा आली, पाऊल जड झालेलं. "आई, येऊ का गं?" गावात एक पोर तापात. चिमाईनं पदर तोंडात धरला, हातानंच नको म्हणाली. येसू म्हणाली, "मग आई, थोडी तिथंच उभी राहा. मला बघू दे." दोघी दोन काठांवर उभ्या राहिल्या. मधून पाणी वाहत राहिलं.

येसू सासरीच बाळंत झाली. होडीवाल्यानं सांगितलं, मुलगी झाली. चिमाईनं गूळ वाटला. मग चुलीपाशी बसून पोटभर रडली.

पाऊस सरला. गावात कोणी आजारी राहिलं नाही. दिवाळीच्या तोंडावर येसू आली, कुशीत तान्हं. चिमाईनं दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळ हातात घेतलं. बाळानं टाहो फोडला. येसू म्हणाली, "ओळखत नाही गं तुला."

चिमाई म्हणाली, "ओळखेल. आपण सगळ्या जित्या आहोत, ओळखायला वेळ आहे."

आषाढाई, चिमाईला जशी लेक भेटली तशी ऐकणारीला भेटो, सांगणारीला भेटो, घरोघरचं तापलं कपाळ निवो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.