पाथरवटांच्या वस्तीला दिलेलं आमंत्रण

डोंगराच्या उतारावर एक गाव होतं आणि त्या गावच्या शाळेत कुमुदबाई नावाच्या एक शिक्षिका होत्या. बाई मनाच्या मऊ होत्या, मुलांना जीव लावायच्या. न्याय म्हणजे काय ते नुसतं पुस्तक वाचून कळत नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून दरवर्षी थंडी सरली की त्या वरच्या वर्गाला घेऊन डोंगराच्या पायथ्याशी, पाथरवटांच्या वस्तीवर जात.

वस्ती म्हणजे वीसेक झोपड्या. दिवसभर छिन्नी-हातोड्याचा आवाज, आणि अंगावर, भांड्यांवर, भाकरीवर दगडाची भुकटी. गावच्या शाळेत वस्तीतली मुलं घ्यायची नाहीत, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. घेतली मात्र कधीच नव्हती.

गावातली मुलं यायची, सगळं बघायची, लाडू आणि जुने कपडे वाटायची. परत गेल्यावर निबंध लिहायची. चांगल्या निबंधाला बक्षीस असायचं.

त्या वर्षी मुलं परत निघाली, तेवढ्यात गिरजा नावाची दहा वर्षांची मुलगी पुढे आली. तिने लाडू घेतला नव्हता.

"बाई, तुम्ही दरसाल आम्हाला बघायला येता. मग आम्ही तुमची शाळा बघायला कधी यायचं?"

आईने तिला मागे ओढलं. "गप गं! असं विचारतात का?"

"माझ्या आज्यानं घडवल्यात शाळेच्या पायऱ्या," गिरजा म्हणाली. "मी अजून बघितल्या नाहीत."

सगळा वर्ग बाईंच्या तोंडाकडे बघू लागला. बाईंना भरून आलं. त्या म्हणाल्या, "सोमवारी या. सगळी मुलं या. माझ्या वर्गात बसा."

वर्गातली नलू तर उड्याच मारू लागली. गिरजाचा हात धरून म्हणाली, "माझ्याशेजारी बस हं. मी जागा धरून ठेवते."

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. रविवारी सकाळी शाळेच्या कारभाऱ्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"मुलांना खाली नेता, चांगलं करता," कारभारी म्हणाले. "दया शिकलीच पाहिजे. पण त्यांना वर आणायचं तुम्हाला कुणी सांगितलं? उद्या बघायला येतील, परवा म्हणतील, पटावर नाव घाला."

"घातलं तर काय बिघडेल?" बाईंनी हळूच विचारलं.

"काही नाही. तुमचं नाव शाळेतून निघेल. फाटकाची किल्ली तुमच्याकडेच असते ना? मग ठरवा तुम्हीच."

बाई घरी आल्या. घरात अंथरुणाला खिळलेले वडील होते, आणि करणारं दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी खूप विचार केला. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली, की नोकरी टिकली तर पुढच्या वर्षीही मुलांना वस्तीवर नेता येईल. सोमवारी येऊ नका, असा निरोप वस्तीवर धाडायचंही धाडस त्यांना झालं नाही.

सोमवारी अकरा मुलं डोंगर चढून आली. अंघोळी केलेली, केसांना चापून तेल लावलेली. सगळ्यांच्या पुढे गिरजा. तिच्या हातात बाईंसाठी बापाने घडवून दिलेला छोटासा दगडी खलबत्ता होता. फाटकाला कुलूप होतं.

"बाई, आले ते!" नलू खिडकीतून ओरडली. "उघडा ना!"

"पुस्तकं काढा," बाई म्हणाल्या. "आज पाहुणे येणार नाहीत."

"पण बाई, ते आलेत. ते बघा, उभे आहेत!"

"पान बेचाळीस," बाई म्हणाल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

ऊन डोक्यावर येईपर्यंत मुलं बाहेर उभी होती. गिरजाने गजांमधून पायऱ्या बघितल्या. मग तिने खलबत्ता फाटकापाशी ठेवला. दोन पावलं गेली, परत फिरली आणि तो उचलून घेऊन खाली निघून गेली. वर्गात नलू बाकावर डोकं टेकून रडत होती.

वर्षं गेली. बाई म्हाताऱ्या झाल्या. कारभारी वारले आणि शाळेचा कारभार नलूच्या हाती आला. ते ऐकून बाईंना वाटलं, आता झालं ते निस्तरता येईल. काठी टेकत त्या नलूकडे गेल्या.

"नलू, आता सगळं तुझ्या हातात आहे. वस्तीतली मुलं शाळेत घे."

नलूने त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं. मग अगदी मायेने म्हणाली, "बाई, मीही दरवर्षी मुलांना वस्तीवर नेते. लाडू नेते, कपडे नेते. पण त्यांना वर कसं आणणार?"

"अगं, तू त्या दिवशी किती रडली होतीस!"

"रडले ना. दोन दिवस जेवले नाही," नलू म्हणाली. "मग माझं मलाच कळलं. आमच्या इतक्या चांगल्या बाईंनी फाटक उघडलं नाही, म्हणजे ते उघडायचं नसतंच."

बाई काठी शोधू लागल्या. काठी त्यांच्या हातातच होती.

तात्पर्य: न्याय शिकवणारा माणूस ऐन वेळी जे करतो, तोच मुलांचा धडा होतो.