पाचव्या चौकातला गडी

माझी लेक शाल्मली शाळेच्या खो-खो संघाची कप्तान झाली आणि माझी झोप उडाली. पहिल्याच जिंकलेल्या सामन्यात तिनं गार्गीला, म्हणजे बालवाडीपासूनच्या मैत्रिणीला, एकदाही खो दिला नव्हता. सरळ विचारायला धीर होईना, म्हणून गोष्ट सांगितली. गोष्ट सांगून मुलं सुधारतात यावर माझाही फारसा विश्वास नाही.

कोणे एके काळी, डोंगरापलीकडच्या एका गावात दोन जिवलग मित्र होते. एक चपळ, एक संथ. दोघांची भाकरी एकाच फडक्यात असायची.

चपळ मित्र गावच्या खो-खो संघाचा म्होरक्या झाला. संथ मित्राला त्यानं पाचव्या चौकात बसवलं, पण खो कधी दिला नाही. हा मागं पडला तर लोक हसतील, आपण त्याला जपतोय, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. म्होरक्याचं पाहून बाकीचेही त्याला वगळू लागले.

आधी संथ मित्र चवड्यांवर बसायचा, कधीही उठायच्या तयारीत. हळूहळू त्याच्या टाचा जमिनीला टेकल्या.

जत्रेतला मोठा सामना आला. समोरच्या गावाचा शेवटचा गडी नेमका पाचव्या चौकासमोर, हातभर अंतरावर सापडला. म्होरक्या होता रेघेच्या अलीकडे. मधली रेघ ओलांडायची नाही हा खेळाचा नियम, आणि वळसा घालायला वेळ नव्हता. त्यानं मित्राच्या पाठीवर थाप मारली. "खो!"

मित्रानं मान वळवून विचारलं, "मला?"

तेवढ्यात गडी निसटला. वेळ संपली.

सगळं गाव संथ मित्राला बोललं. खरी चूक कुणाची ते म्होरक्याला ठाऊक होतं, पण तो मान खाली घालून गप्प राहिला.

पुढच्या वर्षी तो मित्राला बोलवायला गेला. मित्र मैदानाकडेच्या झाडाखाली बसला होता.

"बसायचंच आहे ना गड्या," तो हसून म्हणाला, "मग इथंच बरं. टेकायला झाड तरी आहे."

म्होरक्यानं पुढं पुष्कळ सामने जिंकले. भाकरी मात्र एकट्यानं खाल्ली.

तात्पर्य: ज्याला आपण कधी खो दिला नाही, तो ऐनवेळी उठला नाही तर चूक आपली असते.

शाल्मलीनं तोंडातलं वेणीचं टोक काढलं. मग म्हणाली, "आई, गार्गीपण हल्ली टाचा टेकूनच बसते."